इंपी निस्कालाने निवडून आणलेला वैरी

पडदा वर गेला आहे असं समजा. अमेरिकेतल्या कार्टराइट या खाणीच्या गावातला फिनिश कामगारांचा हॉल. बाहेर गुडघाभर बर्फ, खाणीच्या धुळीने तांबूस झालेला. आत दोन लोखंडी शेगड्या धडधडताहेत, ओल्या लोकरी कोटांचा वास कोंदला आहे, मागच्या कोपऱ्यात कॉफीचं भलंमोठं भांडं उकळतं आहे. रंगमंचावर मागच्या रविवारच्या नाटकाचा देखावा अजून कुणी उतरवलेला नाही: रंगवलेलं तळं, रंगवलेली भूर्जाची झाडं. त्या तळ्याच्या काठावर एक टेबल. टेबलामागे विहतोरी कुंपुला, समाजवादी पक्षाच्या इथल्या शाखेचा म्हातारा अध्यक्ष. त्याच्या मिशीला कायम कॉफी लागलेली. त्याच्या डाव्या हाताला शाखेची चिटणीस इंपी निस्काला, खाली मान घालून मोजा विणते आहे. आणि उजव्या हाताला, सगळ्या हॉलकडे तोंड करून, हातात टोपी धरून उभा आहे यालमारी हापोया.

बाकं भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. गावपंचायतीच्या निवडणुकीसाठी शाखेचा उमेदवार ठरायचा होता. उमेदवार एकच होता, आणि तो तुरुंगात जाऊन आलेला होता. पण लोक काही उमेदवार बघायला आले नव्हते. इंपी आज यालमारीच्या नरडीचा घोट घेते की नाही, ते बघायला आले होते.

यालमारी एके काळी या हॉलचा नायक होता. उंच, देखणा, आवाज असा की मागच्या बाकावरच्या बायका विणकामाचे टाके चुकायच्या. पाठांतराच्या नावाने मात्र पूज्य! इंपी ही आमची सूचक. रंगमंचाच्या पुढच्या काठाला एक खोबण होती, त्यात ती मेणबत्ती घेऊन बसे आणि यालमारीला एकेक वाक्य भरवी. प्रेक्षकांना ती कधी दिसली नाही, पण तिच्यावाचून एकही प्रयोग पार पडला नाही. तिचा नवरा तावेत्ती नाटकात काम करत नसे. तो खाणीत सुरुंग लावायचा आणि रविवारी पडदा ओढायचा. बोलायचा कमी, हसायचा भरपूर.

मग मोठा संप झाला. संपाच्या तिसऱ्या महिन्यात कंपनीची लाकडाची वखार जळाली. कुणी जाळली ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. कंपनीच्याच पहारेकऱ्यांनी जाळली असं निम्मं गाव म्हणे. शेरिफच्या माणसांनी तावेत्तीला आणि यालमारीला घरातून उचललं. खटल्याच्या दुसऱ्या दिवशी यालमारी पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "काडी तावेत्ती निस्कालाने लावली. मी नुसता सोबत होतो." यालमारीला एक वर्ष मिळालं, तावेत्तीला दहा.

इंपी त्या दिवशी कोर्टात पहिल्या बाकावर होती. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा त्याला सगळं तोंडपाठ होतं."

दोन वर्षांनी शाखेने तुरुंगातल्या तावेत्तीलाच गावाच्या अध्यक्षपदासाठी उभं केलं. कैद्याचं नाव छापता येत नाही, म्हणून गावाच्या कचेरीने ते मतपत्रिकेवरून कापलं. तर लोकांनी ते हाताने लिहायचं ठरवलं! ज्यांना धड आपली सही येत नव्हती असे दांडगे खाणकामगार इंपीच्या खानावळीत पाट्या घेऊन बसले आणि इंग्रजी अक्षरांत 'तावेत्ती निस्काला' गिरवू लागले. मतं मिळाली, चांगली रग्गड मिळाली. कचेरीने ती सगळी बाद ठरवून शेगडीत घातली. त्याच आठवड्यात इंपीने हॉलमध्ये ठराव मांडला: 'मालकांच्या कोर्टाने दिलेली शिक्षा आमच्या उमेदवाराच्या आड येणार नाही. आमच्यातला कोण लायक, कोण नालायक, ते आम्ही ठरवू.' ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

पुढच्या वसंतात तावेत्ती तुरुंगातच फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. खोक्यातून आगगाडीने घरी आला. आमच्यात मेलेल्याला सौनात, म्हणजे घरामागच्या वाफेच्या न्हाणीत, न्हाऊ घालतात. इंपीने शेजारणींना बाहेर काढलं, सौनाचं दार आतून लावलं आणि एकटीने त्याला न्हाऊ घातलं. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. त्या दिवसापासून तिने डूख धरला.

आणि आता यालमारी परत आला होता. इतकी वर्षं तो दुलूथच्या बंदरात हमाली करत होता. दारू सोडलेली, केस पिकलेले, इंग्रजी मात्र अस्खलित. शाखेची अवस्था अशी की माणसं पांगलेली, फुटलेली, आणि पंचायतीत उभं राहून कंपनीच्या वकिलाशी इंग्रजीत दोन हात करील असा माणूस उरलेला नाही. यालमारी स्वतःहून विहतोरीकडे गेला आणि म्हणाला, "मला उभं करा. मीही कैद भोगलीय. ठराव आहेच की तुमचा."

ठराव इंपीचा! गावात हसावं की रडावं कळेना.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी कंपनीचा वकील प्रेंटिस इंपीच्या खानावळीत आला. बर्फाळ बूट दाराशी झटकायची तसदी त्याने घेतली नाही. इंपीने त्याला कॉफी दिली, कारण कॉफी नाकारण्याची आमच्यात पद्धत नाही. सोबत पाव मात्र दिला नाही.

"बाई, सरळ बोलतो," वकील म्हणाला. "शिक्षा भोगून आलेल्याला पंच होता येतं की नाही, यावर कायद्यात दोन मतं आहेत. पण गावातल्या कुणी हरकत घेतली तर आम्ही त्याचं नाव कापून घेऊ. हरकत तुम्ही घ्या. तुमचा हक्क सगळ्यांत मोठा. एक सही."

"आणि तुम्हाला काय मिळणार?"

"न्याय झाल्याचं समाधान."

"अगं बाई!" इंपी म्हणाली. "आणि पंचायतीत समाजवादी नाही, म्हणून खाणीवरची करवाढ नाही, हे वरकड?"

वकील हसला. "आपल्या दोघांचा शत्रू एकच आहे, बाई. एवढं पुरे नाही का?"

इंपीने त्याची लेखणी उचलली, उजेडात धरून बघितली. "माझ्या नवऱ्याचं नाव कापलं ती हीच का?"

"मला कसं माहीत असणार?"

"मग परत न्या. आणि बूट झटकून जा, जाताना तरी."

वकील गेल्यावर तिची भाची मार्ता मोरीशी भांडी घासत होती ती वळली. "मावशी, आयतं ताटात आलं होतं. का लाथाडलंस?"

"त्या ताटात तावेत्तीही आहे, म्हणून," इंपी म्हणाली. "आज मी त्यांच्या हातात कात्री दिली तर उद्या ते तिने कुणाचीही मान कापतील. शिवाय नाव कापलं की काय होईल, सांग? यालमारी हुतात्मा होईल. छाती पुढे काढून हिंडेल, 'मलाही कंपनीने अडवलं, तावेत्तीसारखं.' त्याच्या तोंडी तावेत्तीचं नाव! थू!"

"मग उद्या हॉलमध्ये पाडणार?"

"पाडला की तो परत दुलूथला. शनिवारी सौना, रविवारी मासे धरणं. सुटलाच की." इंपीने टेबलावरचा वकिलाचा कप उचलला आणि उरलेली कॉफी मोरीत भिरकावली. "मला तो सुटायला नकोय."

तर आता पुन्हा हॉलमध्ये या. वाद चांगलाच पेटला होता.

सुरुंगाच्या कामात एक कान गमावलेला कुस्ता ओरडत होता, "कोर्टाची शिक्षा आम्ही मानत नाही, कबूल! पण चहाडखोराला उमेदवार करायचं, असं कुठल्या ग्रंथात आहे?"

"ग्रंथ सोड," विहतोरी म्हणाला. "आज आपण म्हटलं की गुन्हेगाराने उभं राहू नये, तर उद्या संप केला की ते आपल्याला गुन्हेगार करतील. निम्म्या हॉलला तुरुंगाची हवा लागलीय. मीच दोनदा जाऊन आलोय."

"तुम्ही दारू गाळल्याबद्दल गेला होता, विहतोरी!"

हॉल हसला. विहतोरीने मिशी पुसली. "एकदा दारूबद्दल. एकदा भाषणाबद्दल. भाषणाच्या वेळीही घेतलेलीच होती, पण ते कोर्टाला कळलं नाही. मुद्दा असा की कोण निवडून यावं ते लोकांनी ठरवावं, न्यायाधीशाने नाही."

"मग लोकच सांगताहेत की हा नको!"

"सगळे लोक नाही. इंपी काय म्हणते?"

इंपीने विणकाम मांडीवर ठेवलं. आमच्या हॉलची रीत अशी होती की उमेदवाराला प्रत्येक सभासद एक प्रश्न विचारू शके, एकच, आणि त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागे.

"कोर्टाने यालमारीला शिक्षा दिली ती वखार जाळल्याबद्दल," इंपी म्हणाली. "ती शिक्षा मला मान्य नाही. वखार त्याने जाळलेली नाही. म्हणून माझ्या लेखी तो कोरा आहे. त्याचा जो गुन्हा आहे तो मालकांच्या कुठल्याच पुस्तकात नाही. त्याचा निवाडा करायचा हक्क त्यांना नाही, आपल्याला आहे. माझा प्रश्न असा. यालमारी, पंचायतीत हॉल सांगेल तिथे हात वर करशील? कंपनीने तुझी भाकरी तोडली तरी?"

यालमारीचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्याची नजर आपोआप रंगमंचाच्या काठाकडे, त्या रिकाम्या खोबणीकडे गेली.

"'हो' म्हण," इंपी हळूच म्हणाली.

"हो," यालमारी म्हणाला.

"मग माझं मत त्याला."

कुस्ताने टोपी जमिनीवर आपटली. पण विधवेनेच हात वर केल्यावर बाकीचे काय करणार? यालमारी रडत होता. त्याला वाटलं, क्षमा झाली. तो इंपीचा हात धरायला पुढे झाला. इंपीने त्या हातात लेखणी दिली.

आमच्या शाखेची एक जुनी रीत होती. उमेदवाराने उभं राहण्यापूर्वीच राजीनामा लिहून द्यायचा. खाली सही करायची, तारखेची जागा मोकळी सोडायची, कागद चिटणिसाकडे. निवडून आल्यावर गडी मालकांच्या मांडीवर जाऊन बसला, की शाखा तारीख घालून कागद कचेरीत पाठवणार. खुर्ची माणसाची नव्हे, हॉलची. यालमारीने सही केली. इंपीने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची घडी केली आणि हातपिशवीत टाकून पिशवीची कळ मिटली. कळ मिटल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

यालमारी निवडून आला. कंपनीने हरकतीसाठी दारोदार हिंडून पाहिलं, पण इंपीने सही दिली नाही म्हटल्यावर कुणीच देईना.

पंचायत बुधवारी दुपारी बसे. लोकांसाठी भिंतीलगत बाकं होती. पहिल्या बुधवारी इंपी सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर. खाणीच्या करवाढीचा विषय निघाला. वकील प्रेंटिस उठून गोडगोड बोलला: कर वाढला तर कामं कमी होतील, माणसं घरी बसतील. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. यालमारीचा हात टेबलावरच. त्याने इंपीकडे बघितलं. इंपीने पिशवीची कळ उघडली. यालमारीचा हात वर गेला. इंपीने पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला आणि विणायला लागली.

एका मताने करवाढ मंजूर झाली.

कंपनीने उट्टं काढायला वेळ लावला नाही. आधी यालमारीच्या भावाला खाणीतून काढलं. मग यालमारीचं घर ज्या जमिनीवर होतं ती कंपनीची, तेव्हा जमीन रिकामी करून द्या असा हुकूम आला. गावात अशी लाकडी घरं उचलून न्यायची सवय होतीच. घर ओंडक्यांवर चढवलं, घोडे जुंपले, आणि अख्खं घर भर रस्त्यातून करकरत निघालं, धुराड्यासकट. यालमारीची बायको आत बसून रडत होती. इंपी खानावळीच्या पायरीवर कॉफीचा कप घेऊन उभी होती.

"खिडकीतली कुंडी हलली नाही, बघ," ती मार्ताला म्हणाली. "चांगले ओढताहेत."

"मावशी, त्याच्या बायकोने काय केलंय?"

"मी काय केलं होतं?" इंपी म्हणाली. पण संध्याकाळी तिनेच मार्ताच्या हाती त्या घरी वाटाण्याचं सूप पाठवलं, आणि भांडं लगेच परत आण म्हणून बजावलं.

एकेक बुधवार असाच गेला. अपघातात मेलेल्यांच्या बायकांना महिन्याची मदत: यालमारीचा हात वर. कामगारांच्या वस्तीत सार्वजनिक न्हाणीघर: हात वर. शेरिफच्या माणसांना गावाच्या खर्चाने बंदुका: हात खाली. कधीकधी तो स्वतः बोलायलाही लागला, आणि तो जुना आवाज पंचायतीच्या छताला भिडायचा. विधवा त्याला रस्त्यात थांबवून आशीर्वाद देऊ लागल्या. कुस्तासुद्धा टोपीला हात लावू लागला. शाखेने त्याला पुन्हा उभं केलं, तो पुन्हा निवडून आला, नवा कागद, नवी सही, जुनीच पिशवी.

"मावशी, सूड घ्यायला गेलीस आणि त्याला पुढारी करून ठेवलंस," मार्ता एकदा म्हणाली.

"बैल धष्टपुष्ट झाला म्हणून जू हलकं होत नाही," इंपी म्हणाली. तरी त्या दिवशी तिने चुलीवरची झाकणं जरा जास्तच आपटली. लोक यालमारीला भला माणूस म्हणतात, हे तिला सलत होतं. आणि तो खरंच भला वागतो, हे त्याहून जास्त सलत होतं.

एका शरद ऋतूत यालमारी खानावळीच्या मागच्या दाराने आला. भर दुपार, इंपी बटाटे सोलत होती. तो उभाच राहिला.

"इंपी, कागदावर तारीख घाल."

"का? मन भरलं?"

"बायको आजारी आहे. तिला दुलूथला तिच्या बहिणीकडे न्यायचंय. इथे आम्हाला कुणी काम देत नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाही. मी खूप फेडलं, इंपी."

"अडवलंय कुणी? गावात शाईचा दुष्काळ आहे का? दुसरा राजीनामा लिही आणि दे कचेरीत." इंपीने बटाटा पाण्यात टाकला. "मग आपल्या वर्तमानपत्रात दोन ओळी येतील. यालमारी हापोया हॉलला न विचारता पळाला. दुसऱ्यांदा. दुलूथचा हॉलही तेच वर्तमानपत्र वाचतो, नाही का?"

यालमारी खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "त्यांनी माझी बोटं दाराच्या फटीत घातली होती," तो म्हणाला. "दार लोटायचे. हळूहळू. मी कुणाला सांगितलं नाही."

"तावेत्तीचीही घातली होती," इंपी म्हणाली. "मी न्हाऊ घातलं त्याला. त्याची बोटं वाकडीच मातीत गेली. तुझी बघ, कशी सरळ आहेत."

तो उठला, टोपी घातली आणि गेला. बुधवारी त्याने वेळेवर येऊन हात वर केला. बायकोला दुलूथला भावजयीने पोचवलं. बायको हिवाळ्यात तिथेच वारली. दफनाला इंपी गेली होती, मागे उभी राहिली, कॉफी न घेता परत आली. आमच्यात तसं कुणी करत नाही.

पुढे इंपीच्या पोटात गाठ झाली. खानावळ मार्ताच्या हाती आली, शाखेचं चिटणीसपणही. शेवटच्या दिवसांत इंपीने आपली खाट स्वयंपाकघरात, चुलीजवळ आणवली. भेटायला येणारे टाचा उचलून चालत, ती म्हणे, "नाटक संपलेलं नाही, नीट पाय टाका." यालमारी रोज यायचा. लाकडं फोडून ठेवायचा, पाणी भरायचा. ती त्याच्याशी बोलत नसे, आणि त्याला जा असंही म्हणत नसे.

एका मंगळवारी दुपारी विहतोरी आला होता, मार्ता होतीच. यालमारी लाकडं ठेवून खाटेजवळ गुडघ्यावर बसला. म्हातारा झाला होता तोही.

"इंपी," तो म्हणाला, "आता तरी सोड मला. तारीख घाल, नाहीतर माफ कर. दोन्हींतलं एक काही तरी दे."

विहतोरीचे डोळे भरून आले. "दे बाई," तो म्हणाला. "कुठल्याही कोर्टाने इतकी लांब शिक्षा दिली नसती."

इंपीने खूण करून पिशवी मागितली. मार्ताने ती तिच्या छातीवर ठेवली. इंपीने कळ उघडली, कागद चाचपून बघितला, पुन्हा कळ मिटली आणि पिशवी मार्ताच्या हातात दिली. मग तिने यालमारीकडे तोंड वळवलं. आवाज अगदी बारीक, खोबणीतून यायचा तसा, पण एकही शब्द हरवला नाही.

"उद्या बुधवार आहे. पुढच्या बाकावर मार्ता बसेल. दाढी करून जा."